पोर्तुगालातलं कास्कैस: पळायच्या वाटा सुचवा

घोट्याचा_राजा · ३ ऑगस्ट

नमस्कार मंडळी,

कामानिमित्त तीन महिने लिस्बनला आलोय. एका सहकाऱ्याच्या ओळखीनं कास्कैस नावाच्या गावात खोली मिळाली. लिस्बनच्या पश्चिमेला, समुद्रकाठी, लोकलनं ४० मिनिटं. दहा वर्षं डोंबिवली-सीएसटी केलेल्या माणसाला खिडकीत बसून समुद्र बघत ४० मिनिटं म्हणजे पगारी सुट्टीच.

तर प्रश्न असा. मी आठवड्याला ३५-४० किमी पळतो. वय ४४, वेग फुशारकी मारण्यासारखा नाही. ऑक्टोबरातल्या लिस्बन मॅरेथॉनला नाव घातलंय. ती कास्कैसहूनच सुटते आणि लिस्बनच्या नदीकाठच्या मोठ्या चौकात संपते, म्हणून सगळा सराव इथेच करायचा बेत आहे.

नकाशात पाहिलं तर गावापासून ग्विंचो नावाच्या किनाऱ्यापर्यंत समुद्राला चिकटून सायकलवाट दिसते. जवळजवळ सपाट, जाऊन-येऊन साधारण १८ किमी. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की तीच धरायची, कधी अर्धी कधी पूर्ण, असं ठरवलंय. याहून बरं काही आहे का? उत्तरेला डोंगरही दिसतोय. तिकडे कोणी गेलंय?

चिंचोका · ३ ऑगस्ट

वाचनखूण साठवली. फोटो टाका हो, नुसतं वाचून काय करू.

खडूस_आजोबा · ३ ऑगस्ट

चव्वेचाळिसाव्या वर्षी गुडघ्यांची वाट लावायला पोर्तुगालपर्यंत जावं लागतं हे आजच कळलं. चाला. चालण्यानं कोणी मेलेलं नाही.

तेरेखोलकर · ३ ऑगस्ट

वाटांचं जाणकार सांगतील, मी आधी नावं दुरुस्त करतो. कास्कैस नव्हे, कश्काइश. आणि ग्विंचो तर नव्हेच नव्हे, गिंशू. स्टेशनवर ग्विंचो विचारलंत तर समोरचा माणूस मेक्सिकन हॉटेलचा पत्ता देईल.

घोट्याचा_राजा · ३ ऑगस्ट

@तेरेखोलकर हाहा, तरीच काल बसवाला माझ्याकडे करुणेनं बघत होता. कश्काइश, कश्काइश, कश्काइश. हे म्हणजे ओल्या फरशीवर चप्पल ओढल्यासारखं वाटतंय.

अळूवडी · ४ ऑगस्ट

मी इथे आठ वर्षं आहे. कश्काइशमध्ये नाही, त्याच लोकलवर पाच-सहा स्टेशनं अलीकडे. राजे, तुमचा बेत नकाशावर झकास आहे, पण नकाशात वारा दिसत नाही.

उन्हाळ्यात इथे उत्तरेकडून जो वारा सुटतो त्याला नोर्तादा म्हणतात. अटलांटिकात अझोर्स बेटांजवळ हवेचा दाब जास्त, इकडे स्पेन-पोर्तुगालची जमीन दिवसभर तापून दाब कमी, त्यामुळे दुपारनंतर वाऱ्याचा जोर वाढत जातो आणि नेमका संध्याकाळी, म्हणजे तुम्ही बूट घालाल तेव्हा, तो रंगात आलेला असतो. सिंत्राच्या डोंगराला वळसा घालून येताना गिंशूवर त्याला आणखी धार चढते. तिथे जगभरातून लोक वाऱ्यावर फळ्या आणि पतंग घेऊन लाटांवर खेळायला येतात ते उगाच नाही. त्यांना हवा असलेला वारा पळणाऱ्याला नको असतो, एवढं साधं आहे.

वाट कशी आहे ते सांगते. गावातून निघालात की निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सांता मार्ताचं दीपगृह, मग बोका दु इन्फेर्नु, मग गियाचं दीपगृह. इथवर तुम्ही पश्चिमेला जाताय, वारा बाजूनं येतो, घरंझाडं आडवी येतात, तुम्हाला वाटतं काय मस्त जमतंय. काबो राझो नावाच्या टोकाला किनारा उजवीकडे वळतो आणि तोंड थेट उत्तरेला होतं. तिथून गिंशूपर्यंतचे शेवटचे तीनेक किमी म्हणजे समोरून कोणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलतंय. शिवाय वाळू. पोटऱ्यांवर टाचण्या टोचल्यासारखी लागते. हाफ पँट घालून गेलात तर आठवण काढाल माझी.

बरं एवढंच की तो जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर असतो. उलटं असतं तर मी तुम्हाला जाऊच दिलं नसतं.

वसईचं_केळं · ४ ऑगस्ट

म्हणजे शाळेतले खारे वारे, मतलई वारे शेवटी उपयोगी पडले म्हणायचे. भूगोलाच्या बाई आज असत्या तर.

घोट्याचा_राजा · ५ ऑगस्ट

@अळूवडी, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री वाचला. पळून मी संध्याकाळीच आलो होतो. टोपी अटलांटिकला अर्पण केली. जाताना शेवटच्या दोन किमीला जो वेळ लागला तो इथे लिहिणार नाही, येताना मात्र आयुष्यातला सगळ्यात वेगवान किमी झाला. घड्याळाला वाटलं मी सायकलवर आहे.

मग रोजचं पळायचं कुठे?

अळूवडी · ५ ऑगस्ट

रोजचं पारेदांववर. स्टेशनच्या खाली किनाऱ्याला लागून गाड्या नसलेली वाट सुरू होते, ती मोंत इश्तोरिल, इश्तोरिल करत सांव जुआंवच्या आझारुझिन्या नावाच्या चिमुकल्या किनाऱ्यापर्यंत जाते. साधारण ३ किमी. मुंबईकरांसाठी: मरीन ड्राइव्हहून जरा आखूड, पण पाण्याला जास्त जवळ. ती खाडीच्या आत, दक्षिणेकडे तोंड करून आहे. गिंशूवर माणसं उडत असतात तेव्हा इथे आज्जीबाई छत्री लावून पेपर वाचत बसलेल्या दिसतात. दोन फेऱ्या, १२ किमी. वाटेत पाण्याचे नळ, अंघोळीचे शॉवर, कॉफी.

फक्त सकाळी साडेआठच्या आत. ऑगस्टात दहानंतर तिथे टॉवेल, बादल्या, पोरंटोरं आणि आइसक्रीम यांतून वाट काढावी लागते. आणि हिवाळ्यात नैर्ऋत्येकडून वादळ आलं की चित्र उलटं होतं, लाटा भिंतीवरून आत येतात, नगरपालिका वाट बंद करते. तेव्हा दोऱ्या ओलांडून फोटो काढायला जाऊ नका. पण तोवर तुम्ही परत गेलेले असाल.

तेरेखोलकर · ५ ऑगस्ट

पारेदांव म्हणजे मोठी भिंत. पारेद म्हणजे भिंत आणि पुढे तो आंव लागला की मोठी. हा आंव लक्षात ठेवा, निम्मी पोर्तुगीज भाषा खिशात. सांव जुआंव, लिमांव, पांव. आणि पांव म्हणजे आपला पाव. आम्ही गोव्यात अजून पांवच म्हणतो, मुंबईला जाताना मध्येच कुठेतरी त्याचा अनुस्वार सांडला.

वसईचं_केळं · ५ ऑगस्ट

सावंतवाडीला सांडला असेल. नाव बघा ना, तिथे अडकलाय.

चिंचोका · ५ ऑगस्ट

हाहाहा. धागा गेला हातचा.

पोटोबा · ५ ऑगस्ट

पाव निघालाच आहे तर बटाटाही घ्या. बटाटा, चावी, साबण, परात, पगार, फीत, लिलाव, तुरुंग, घमेलं, सगळं तिकडचंच. राजे, तुम्हाला पोर्तुगीज येत नाही म्हणता, पण पगार घेऊन, साबणानं अंघोळ करून, चावी खिशात टाकून बटाट्याची भाजी खायला जाता. अजून काय यायला हवं?

घोट्याचा_राजा · ६ ऑगस्ट

@पोटोबा बुटाची फीत राहिली. ती आत्ताच बांधली, निघालो पारेदांववर.

सातारी_कंदी · ६ ऑगस्ट

उशिरा आलो. मी तिथे दीड वर्ष काढलंय आणि समुद्रकाठाचं एवढं कौतुक ऐकून हसू येतंय. किनारा सगळ्यांनाच दिसतो हो. कश्काइशची खरी श्रीमंती मागे आहे, सिंत्राच्या डोंगरात. सगळा भाग सिंत्रा-कश्काइश निसर्ग उद्यानात येतो, पायवाटांना तोटा नाही.

सुरुवात किंता दु पिझांवपासून करा. (तेरेखोलकर, आंव नोंदवा.) गावाच्या मागे, नगरपालिकेनं राखलेली शेकडो एकर मोकळी जमीन. पाइनची झाडं, दगडी बांध, मेंढ्या, घोडे आणि गाढवं. कच्चे पण रुंद रस्ते, हलके चढउतार. तिथे मी दर रविवारी १२-१५ किमी करायचो. एक गाढव ठरलेल्या कुंपणापाशी उभं असायचं आणि मी दिसलो की ओरडायचं. घरी एवढं स्वागत झालेलं नाही कधी.

त्यानंतर पेनिन्या. डोंगराच्या पश्चिम टोकावर एक जुनं चॅपल आहे, उंची ५०० मीटरला थोडी कमी. गिंशूकडून माल्व्हैरा द सेर्रा गावातून चढत जायचं. सिंहगड करणाऱ्याला आकड्यात काही वाटणार नाही, पण तिथे तुम्ही समुद्रसपाटीपासून सुरू करता, एकही मीटर फुकट मिळत नाही. वरून एका बाजूला गिंशूची वाळू, दुसऱ्या बाजूला काबो द रोका, तिसऱ्या बाजूला स्वच्छ दिवशी लिस्बनचा पूल. चौथ्या बाजूला ढग. तो डोंगर स्वतःचे ढग स्वतः पाळतो. खाली कडक ऊन आणि वर आठ पावलांपलीकडचं दिसत नाही, असं उन्हाळ्यातही होतं. पातळ जाकीट कमरेला बांधून जा.

खुणा साध्या आहेत. लाल-पिवळ्या पट्ट्या म्हणजे छोटी वाट, लाल-पांढऱ्या म्हणजे लांब पल्ल्याची. पट्ट्यांची फुली दिसली की चुकलात, मागे फिरा.

आणि मुकुटमणी: गिंशू ते काबो द रोका, कड्याकड्यानं. सात-आठ किमी. युरोप खंडाच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पश्चिमेचं टोक, खाली १४० मीटरचा कडा. हे केलं नाही तर तीन महिने फुकट.

अळूवडी · ६ ऑगस्ट

@सातारी_कंदी, पिझांवबद्दल अगदी सहमत. शेवटच्याबद्दल अजिबात नाही. मॅरेथॉनला दोन महिने असताना माणसाला त्या कड्यावर पळायला पाठवू नका. आबानुच्या किनाऱ्यानंतर मध्ये दोन-तीन घळी आहेत, उतरताना पायाखाली सुटे खडे, आणि वरून नोर्तादा ढकलतोय. ती वाट चालायची आहे. मी चालले आहे, अप्रतिम आहे, आणि दोनदा बसून उतरले आहे.

सातारी_कंदी · ६ ऑगस्ट

ताई, तुम्ही बसून उतरलात म्हणून सगळ्यांनी बसायचं का? सज्जनगड, अजिंक्यतारा, यवतेश्वरचा घाट यांवर वाढलेला माणूस मी. खड्यांची सवय असते आपल्याला.

अळूवडी · ६ ऑगस्ट

तुम्हाला असेल. राजे डोंबिवलीचे आहेत.

घोट्याचा_राजा · ६ ऑगस्ट

मी इथेच आहे हो, ऐकतोय.

धावती_भेट · ७ ऑगस्ट

मी मागच्या वर्षी दहा दिवस राहिले होते, एकटीच. बायकांसाठी थोडं लिहिते, कारण पुरुषमंडळी हे लिहीत नाहीत.

पारेदांववर आणि सायकलवाटेवर मला कधीही अवघड वाटलं नाही. एकट्या पळणाऱ्या बायका भरपूर, सगळ्या वयाच्या. आपली पहाटे पाचची सवय मात्र तिथे मोडावी लागते. जूनमध्येही सूर्य सहानंतर उगवतो आणि ऑक्टोबर अखेरीला तर जवळजवळ आठ वाजतात. पहिल्या दिवशी मी सव्वापाचला बाहेर पडले तर रस्त्यात फक्त मी आणि काल रात्रीची पार्टी संपवून घरी निघालेली पोरं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या दृष्टीनं मीही त्यांच्यातलीच, फक्त जास्त प्यायलेली.

डोंगरात एकटी गेले नाही, गेलेही नसते. तिथे फोनची रेंज जाते. संकटात नंबर ११२, हा युरोपभर एकच.

आणखी एक, बुटांचं. त्या गावातली फुटपाथं म्हणजे हातानं बसवलेले पांढरे चुनखडीचे चौकोनी दगड, शेकडो पायांनी घासून आरशासारखे झालेले. कोरडे असताना सुंदर. दव पडलं, पाऊस शिंपडला की साबण. माझी चौथ्या दिवशी त्यावरून शेवग्याच्या शेंगेसारखी लांबलचक आडवी पडण्याची हौस फिटली. पारेदांव गाठेपर्यंत गावातून चालत जा, पळू नका.

खडूस_आजोबा · ७ ऑगस्ट

"चालत जा." कोणीतरी शहाणं आलं.

वसईचं_केळं · ७ ऑगस्ट

@धावती_भेट बोका दु इन्फेर्नु बघितलं का? नावाचा अर्थ काय?

धावती_भेट · ७ ऑगस्ट

नरकाचं तोंड. समुद्रानं कातलेली कपार, लाट आत शिरली की गडगडते. उन्हाळ्यात शांत असते आणि लोक म्हणतात "एवढंच?". गावापासून दोनेक किमी, त्यामुळे पळणाऱ्यांची वळायची जागा. तिथे एक पाटी आहे. अलिस्टर क्रोली नावाच्या इंग्रज मांत्रिकानं १९३० मध्ये तिथे आत्महत्येचं सोंग केलं होतं, चिठ्ठी ठेवून गायब. त्या नाटकात त्याला मदत कोणाची, तर फेर्नांदु पेसोआची, म्हणजे पोर्तुगालच्या थोर कवीची. काही आठवड्यांनी मांत्रिक बर्लिनला हजर.

पोटोबा · ७ ऑगस्ट

आमच्याकडे मॅरेथॉनला नाव घालून त्या दिवशी गायब होणारे बरेच आहेत. चिठ्ठीही ठेवत नाहीत.

वसईचं_केळं · ८ ऑगस्ट

आमच्या किल्ल्यात रोज सकाळी ५ किमी करतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतला म्हणून. नाहीतर मलाही लाल-पिवळ्या पट्ट्या बघत पळावं लागलं असतं. कश्काइशलाही किल्ला आहे ना? आमच्यासारखाच दिसतो का?

अळूवडी · ८ ऑगस्ट

आहे, बंदरावरच, त्याला सिदादेल म्हणतात. भिंतींचा तो कोनाकोनांचा घाट बघून वसईची आठवण येतेच. पण तुमच्याकडे वड-पिंपळ भिंतीतून बाहेर आलेत, इथे आत हॉटेल आहे. पुढे राजा लुईश उन्हाळ्यात तिथे राहायला यायला लागला आणि मच्छीमारांचं गाव एकदम खानदानी झालं. पोर्तुगालात विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८७८ मध्ये त्या सिदादेलमध्येच.

दगडधोंडे · ८ ऑगस्ट

किल्ल्यांचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. डोंगरापलीकडे सिंत्रा गावातून मोन्सेर्रातच्या राजवाड्याकडे जो सावलीचा रस्ता जातो, त्यावर पेन्या व्हेर्दे नावाची जुनी इस्टेट लागते. खासगी आहे, आत जाता येत नाही, भिंतीवरून वाकलेली झाडं बघायची. ती दों जुआंव द काश्त्रु याची. हा पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर आणि शेवटी व्हाइसरॉय, १५४८ मध्ये गोव्यातच वारला. हा नुसता लढवय्या नव्हे, निरीक्षण करणारा माणूस होता. १५३८-३९ च्या सफरीच्या नोंदींत त्यानं घारापुरीच्या लेण्यांचं बारकाईनं वर्णन केलंय.

आणि गंमत अशी की त्या इस्टेटीत आपल्याकडचे शिलालेख नेऊन ठेवलेले होते. त्यातला एक संस्कृत, सोमनाथ पाटणचा, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला, तेराव्या शतकाच्या शेवटचा. अभ्यासक त्याला सिंत्रा प्रशस्ती म्हणूनच ओळखतात. सोमनाथचा दगड, नाव सिंत्राचं. राजे, त्या रस्त्यावरून पळालात तर भिंतीपाशी अर्धा मिनिट थांबा.

घोट्याचा_राजा · ८ ऑगस्ट

@दगडधोंडे हे माहीतच नव्हतं. अंगावर काटा आला. या शनिवारी डोंगरात जायचा विचार पक्का.

अळूवडी · ८ ऑगस्ट

थांबा! ऑगस्ट आहे. वणव्याचा धोका जास्त जाहीर केलेल्या दिवशी डोंगरातले रस्ते आणि वाटा बंद करतात, गाड्यांना आणि माणसांना दोघांनाही. निघण्याआधी सिंत्रा आणि कश्काइश नगरपालिकांच्या सूचना बघा. २०१८ च्या ऑक्टोबरात पेनिन्याजवळ पेटलेली आग वाऱ्यावर स्वार होऊन पार गिंशूच्या बाजूपर्यंत उतरली होती. तोच वारा, तीच वाट.

सातारी_कंदी · ९ ऑगस्ट

या बाबतीत ताईंशी शंभर टक्के सहमत. मी लिहायला हवं होतं. मी डोंगर जास्त हिवाळ्यात केला म्हणून डोक्यात आलं नाही. हिवाळा संपताना वेगळाच त्रास: पाइनच्या झाडांवरून केसाळ अळ्या एकामागोमाग रांगेनं उतरतात, आगगाडीसारख्या. बघायला मजा, पण केस अंगाला लागले की दोन दिवस खाजवत बसा.

जानेवारीत कोणी असेल तर सिंत्रा ते काबो द रोका अशी एक शर्यत होते, १७ किमीच्या आसपास. नावाचा अर्थ "युरोपचा शेवट". सुरुवातीला घामटं काढणारा चढ, मग डोंगराच्या अंगाअंगानं, शेवटी समुद्राकडे लांबलचक उतार. माझी शर्यत पूर्ण धुक्यात झाली. युरोपचा शेवट आला हे मला पदक गळ्यात पडल्यावर कळलं.

चिंचोका · १५ ऑगस्ट

राजे कुठे गेले? बोका दु इन्फेर्नुला चिठ्ठी तर नाही ना ठेवली?

घोट्याचा_राजा · २५ ऑगस्ट

जिवंत आहे. तीन आठवड्यांचा हिशोब देतो.

सोम-बुध-शुक्र पारेदांव, सकाळी सातला. आता मला तिथली माणसं ओळखतात. रोज पोहायला येणारे एक आजोबा आहेत, मी तिसऱ्यांदा त्यांच्यासमोरून गेलो की "फोर्सा!" ओरडतात. ताकद लाव असा काहीसा अर्थ असावा, कारण माझी अवस्था बघून दुसरं काही सुचणार नाही. पाणी मात्र बर्फ आहे. पळून झाल्यावर पाय बुडवले तर घोट्याखालचं काही आपलं नाही असं वाटतं. टाचेची सूज गेली त्यानं, हे खरं.

डोंगर: पहिल्या शनिवारी बंद, दुसऱ्या शनिवारी बंद. मग पिझांवला गेलो. सातारी_कंदी, गाढवं आहेत, पण मला बघून कोणी ओरडलं नाही. तुमचं नाव सांगायला हवं होतं.

गिंशू: हट्टानं पुन्हा गेलो, पण रविवारी सकाळी साडेसहाला. वारा जेमतेम. कसली जागा आहे ती! क्रेझ्मिनाच्या वाळूच्या टेकड्यांवर लाकडी पूल बांधलेत, त्यांवर चाललो, पळालो नाही, कारण पाटीवर लिहिलंय आणि फळ्या वाजतात. पाटी म्हणते ही वाळू स्थिर नाही, गिंशूच्या किनाऱ्यावरून आत शिरते, वाऱ्यानं जमिनीवरून सरकत सरकत पुढे दक्षिणेला पुन्हा समुद्रात पडते. म्हणजे त्या वाळूचाही मार्ग वाऱ्यानं ठरवलेला, मी तर कोण.

राहिला प्रश्न लांब पल्ल्याचा. मला आता २५-३० किमीचं पळणं हवंय. पारेदांवच्या पाच फेऱ्या मारल्या तर वेड लागेल. गिंशू दोनदा केलं तर दुसऱ्या फेरीला वारा जागा झालेला असेल. काय करू?

खडूस_आजोबा · २५ ऑगस्ट

टाचेला सूज होती हे आधी का लिहिलं नाहीत? पंधरा दिवस आराम करा.

धावती_भेट · २५ ऑगस्ट

आजोबांचं या वेळी ऐका. पंधरा नाही तर निदान पाच दिवस.

अळूवडी · २६ ऑगस्ट

उलट्या दिशेला पळा ना. लिस्बनकडे! मॅरेथॉन तिकडेच जाणार आहे.

पारेदांव संपलं की वर मार्जिनाल रस्त्यावर या, सांव पेद्रु, पारेद, कार्काव्हेलुश. (हो तेरेखोलकर, पारेद म्हणजे भिंत, तिथे भिंत नाही.) कार्काव्हेलुशला रुंद किनारा, तिथून पुढे सांव जुलियांवचा मोठा किल्ला, मग ओएइराशची समुद्रकाठची पायवाट. मध्ये काही ठिकाणी फुटपाथ अरुंद आहे आणि गाड्या अंगावरून जातात, तिथे सावकाश. उत्तरेचा वारा तुमच्या डाव्या खांद्यावर येतो, बराचसा टेकड्या आणि घरं अडवतात. लिस्बनच्या नदीकाठच्या बेलें भागातल्या मनोऱ्यापर्यंत साधारण २० किमी पडतील. जास्त हवे असतील तर आधी बोका दु इन्फेर्नुला जाऊन या.

आणि मुख्य सोय: सगळीकडे रेल्वे समांतर. दर दोनेक किमीवर स्टेशन. टाच बोलायला लागली की चढा गाडीत. खिशात कार्ड ठेवा आणि एक कोरडा शर्ट, सहप्रवाशांसाठी.

सातारी_कंदी · २६ ऑगस्ट

मान्य. मॅरेथॉनसाठी हेच बरोबर. काबो द रोका शर्यतीनंतर चालत करा. ताई, तुम्ही जिंकलात.

अळूवडी · २६ ऑगस्ट

स्क्रीनशॉट काढून ठेवला.

घोट्याचा_राजा · १४ सप्टेंबर

सहा दिवस आराम केला, आजोबा. त्यानंतर काल ते केलं. पहाटे अंधारातच निघालो, बोका दु इन्फेर्नुला शिवून मागे, मग पारेदांव, मग अळूवडींची वाट. सूर्य समोरून आला, त्यासाठी टोपी हवी होती, ती अटलांटिकात आहे. कार्काव्हेलुशनंतर किल्ल्याला वळसा घालताना नदीचं मुख उघडतं आणि लांबवर तो लाल पूल दिसतो. दिसतो आणि तिथेच राहतो. तासभर पळालो तरी जवळ येत नाही. मुंबई मॅरेथॉनच्या पेडर रोडला मी इतक्या शिव्या दिलेल्या नाहीत.

२४ किमी, बेलेंपर्यंत. टाच गप्प होती. वास्को द गामा १४९७ मध्ये इथूनच निघाला आणि मी इथे पोचून फुटपाथवर पाय पसरून बसलो. अंड्याच्या पिवळ्याची ती गरम वाटीसारखी पेस्ट्री तीन खाल्ल्या. चौथी पिशवीत घेतली.

पोटोबा · १४ सप्टेंबर

अखेर धाग्यात काहीतरी खायला आलं. वर दालचिनी भुरभुरली होती ना? ती मात्र आपल्याकडची.

तेरेखोलकर · १४ सप्टेंबर

श्रीलंकेची. पण चालू द्या.

घोट्याचा_राजा · १४ सप्टेंबर

एक तक्रार. परत यायला बेलेंला गाडी लगेच मिळाली. पण गुरुवारी ऑफिसातून निघून, थोडं हिंडावं म्हणून बेलेंला थांबलो होतो, तेव्हा संध्याकाळी दोन कश्काइश गाड्या माझ्यासमोरून न थांबता गेल्या. लांब पल्ल्याचं पळणं एखाद्या शुक्रवारी करायचं झालं तर काय करायचं?

अळूवडी · १५ सप्टेंबर

कामाच्या दिवशी कश्काइशच्या बऱ्याच गाड्या बेलेंला थांबत नाहीत, त्या जलद असतात. शनि-रविवारी थांबतात. शुक्रवारी केलंत तर बेलेंच्या एक स्टेशन आधी, आल्जेशला पळणं थांबवा आणि तिथून चढा.

वसईचं_केळं · १५ सप्टेंबर

दहा वर्षं डोंबिवलीची लोकल केलेल्या माणसाला स्लो-फास्ट समजावून सांगावं लागतंय. राजे, परत या.